इंडेक्स : असून अडचण, नसून खोळंबा

सुधाताई ओरॅकल ७ च्या काळापासून डेटाबेस सांभाळत आल्या आहेत. निखिल पोस्टग्रेसवरच लहानाचा मोठा झाला. जुन्यांनी यंत्रावर अविश्वास दाखवायचा आणि नव्यांनी सगळं त्याच्या हवाली करायचं, हा नेहमीचा रिवाज इथे मोडतो. क्वेरी कोणत्या इंडेक्सनं चालवायची ते ऑप्टिमायझरनंच ठरवावं, आपण त्याला खरी माहिती पुरवावी, असं सुधाताईंचं म्हणणं. निखिल म्हणतो, ते आपण ठरवावं आणि एकदा ठरलं की कोणी त्याला हात लावू नये.

वादासाठी दोघांनी एक टेबल समोर घेतलं आहे, पार्सलांच्या नोंदींचं. चार कोटी नोंदी, ८ केबीच्या एका पानावर चाळीस, म्हणजे एकूण दहा लाख पानं. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी गोल केलेले आहेत.

निखिल : ताई, सरळ प्रश्न आहे. शहराच्या कॉलमवर मी इंडेक्स टाकलाय. क्वेरीत 'शहर नाशिक' एवढीच अट. तरी पोस्टग्रेस इंडेक्सकडे ढुंकूनही बघत नाही, अख्खं टेबल वाचत बसतं. मग हा इंडेक्स पोसायचा कशाला?

सुधाताई : नाशिकची पार्सलं किती?

निखिल : वीस लाख. शंभरात पाच.

सुधाताई : आणि ती टेबलभर विखुरलेली. रोज थोडी येतात, बाकी शहरांच्या पार्सलांत मिसळून पडतात. आता मला सांग, एखाद्या पानावर नाशिकची एकही नोंद नाही असं होण्याची शक्यता किती? एक नोंद नाशिकची नसण्याची शक्यता ०.९५. पानावर चाळीस नोंदी. चाळिसावा घात कर.

निखिल : ०.१२८. तेरा टक्के धरा.

सुधाताई : म्हणजे सत्त्याऐंशी टक्के पानं तुला उघडावीच लागणार. मग इंडेक्समधून उड्या मारत उघडण्यापेक्षा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सरळ वाचत गेलेलं काय वाईट? ओळीनं वाचलेल्या पानाला पोस्टग्रेस १ खर्च लावतं, उडी मारून वाचलेल्याला ४. आधी इंडेक्समधून पानांचे नंबर गोळा करायचे, क्रमानं लावायचे आणि मग वाचायचं, अशी मधली वाट आहे. बिटमॅप स्कॅन म्हणतात तिला. पण जवळपास सगळीच पानं उघडायची असतील तर तिथेही हाती फारसं लागत नाही. आता हीच पाच टक्के अट तारखेवर असती तर?

निखिल : तारखेप्रमाणे नोंदी एकामागोमागच पडतात.

सुधाताई : म्हणून वीस लाख नोंदी पन्नास हजार पानांत मावल्या असत्या आणि इंडेक्स हमखास वापरला गेला असता. टक्केवारी तीच, निकाल उलटा. कॉलममधला क्रम आणि डिस्कवरचा क्रम किती जुळतो याचा एक आकडा पोस्टग्रेस जपून ठेवतं, कोरिलेशन नावाचा. तारखेसाठी तो १ च्या जवळ असतो, शहरासाठी शून्याच्या आसपास. पीजी-स्टॅट्स व्ह्यू उघडून बघ.

पुढचं सगळं भांडण या व्ह्यूवरून झालं, म्हणून त्यात काय असतं ते आधी सांगून टाकतो. प्लॅन ठरवताना ऑप्टिमायझर टेबलातल्या नोंदी वाचत बसत नाही. तेवढा वेळ असता तर प्लॅनची गरजच नव्हती. त्याच्याजवळ प्रत्येक कॉलमचं एक टिपण असतं, त्यालाच स्टॅट्स म्हणतात. किती नोंदी नल आहेत, वेगवेगळी मूल्यं अंदाजे किती, सगळ्यात जास्त वेळा येणारी मूल्यं कोणती आणि प्रत्येकाचा वाटा किती, उरलेल्या मूल्यांचा हिस्टोग्राम, आणि ते कोरिलेशन. यादी सहसा शंभर मूल्यांची आणि हिस्टोग्रामचे कप्पेही शंभर. या कप्प्यांची रुंदी सारखी नसते, प्रत्येकात मावणाऱ्या नोंदी सारख्या असतात. समजा, पार्सलाच्या स्थितीच्या कॉलमवर 'पोहोचलं' सत्त्याण्णव टक्के आहे आणि 'अडकलं' दोन दशांश टक्का. एकाच इंडेक्सबद्दल, एकाच क्वेरीत, पहिल्या शब्दाला ऑप्टिमायझर नको म्हणतो आणि दुसऱ्याला हो. त्या यादीच्या बळावरच.

निखिल : टिपण चांगलं आहे हो, पण ते काढलं कशावरून? शंभर कप्प्यांसाठी तीनशे पट, म्हणजे तीस हजार नोंदींचा नमुना. चार कोटींत तीस हजार!

सुधाताई : शितावरून भाताची परीक्षा.

निखिल : भात एकाच तपेल्यातला असेल तर ठीक. आमच्या ग्राहक-क्रमांकाच्या कॉलमवर पन्नास लाख वेगवेगळे ग्राहक आहेत, प्रत्येकाच्या सरासरी आठ नोंदी. तीस हजारांच्या नमुन्यात बहुतेक ग्राहक एकेकदाच दिसतात. मग उरलेल्या भातात किती जातींचा तांदूळ आहे हे शितावरून कळणार कसं? पोस्टग्रेस म्हणालं, ग्राहक दोन लाख. म्हणजे प्रत्येकाच्या दोनशे नोंदी. पंचवीस पट चूक!

सुधाताई : त्या चुकीनं तुझा एकट्या टेबलावरचा इंडेक्स जात नाही. चार कोटींत दोनशे नोंदी म्हणजेही किरकोळच. पण पुढे तीन टेबलं जोडलीस की दोनशेचे हजारो होतात आणि जॉइनची पद्धत बदलते. तू म्हणतोस ते खरं आहे, आणि त्यात पोस्टग्रेसला नावं ठेवण्यात अर्थ नाही. २००० साली मोझेस चारिकर, सुरजित चौधरी, राजीव मोटवानी आणि विवेक नरसय्या यांनी सिद्धच करून दाखवलं की टेबलाचा मोठा हिस्सा वाचल्याशिवाय वेगळ्या मूल्यांची संख्या खात्रीनं सांगता येत नाही. सूत्र कितीही हुशारीनं बांधा, त्याला चकवणारा डेटा असतोच.

निखिल : मग?

सुधाताई : मग तूच सांग त्याला. कॉलमवर एन-डिस्टिंक्ट उणे ०.१२५ असं लिहून ठेवता येतं. उणे चिन्ह म्हणजे नोंदींच्या प्रमाणात. चार कोटींचा आठवा भाग, पन्नास लाख. टेबल वाढलं तरी प्रमाण लागू राहतं.

निखिल : बघा, आलात वाटेवर! शेवटी माणसानंच सांगायचं ना? मग 'हाच इंडेक्स वापर' असं मी हिंट देऊन सांगितलं तर पाप कुठलं?

सुधाताई : तू डेटाबद्दल एक खरी गोष्ट सांगतोस, तेव्हा त्यातून काय निष्कर्ष काढायचा ते तो ठरवतो. हिंटमध्ये तू निष्कर्षच सांगतोस आणि कारण तुझ्या डोक्यात ठेवतोस. तू नोकरी बदलतोस, कारणही तुझ्याबरोबर जातं.

मला हा या वादातला सगळ्यात नेमका मुद्दा वाटतो. पण निखिल तेवढ्यानं ऐकणारा नव्हता आणि सुधाताईही लगेच आपल्या तरुणपणात शिरल्या.

सुधाताई : मी लागले तेव्हा ओरॅकलमध्ये नियमांवर चालणारा ऑप्टिमायझर होता. पंधरा नियमांची उतरंड. इंडेक्स असला की तो वापरायचाच, टेबलात दहा नोंदी असोत की दहा कोटी. मग त्याला फसवायला आम्ही अटीतल्या कॉलमपुढे 'अधिक शून्य' लिहायचो. नावाचा कॉलम असेल तर त्याला रिकामी स्ट्रिंग जोडायची. अर्थ बदलत नाही, पण इंडेक्स निकामी होतो. असल्या अधिक-शून्यांनी भरलेला कोड मी पाहिलाय. कुठलं कशासाठी होतं, लिहिणाऱ्यालाही आठवत नसे. खर्चावर चालणारा ऑप्टिमायझर ओरॅकल ७ बरोबर १९९२ मध्ये आला आणि १० जीपासून ओरॅकलनं नियमांच्या ऑप्टिमायझरचा पाठिंबा काढून घेतला. तुझी हिंट म्हणजे तेच अधिक-शून्य, फक्त इस्त्री केलेलं.

निखिल : आणि तुमचा खर्चाचा हिशेब तरी कशावर उभा आहे? पॅट्रिशिया सेलिंजर आणि मंडळींचा १९७९ चा पेपर मी वाचलाय, आयबीएमच्या सिस्टिम आर वरचा. इंडेक्स नसेल तर 'बरोबर' या अटीला धरा एक दशांश. 'पेक्षा जास्त'ला एक तृतीयांश. 'अमुक ते तमुक'ला एक चतुर्थांश. आणि एक तृतीयांशाबद्दल त्यांनीच प्रांजळपणे म्हटलंय की या आकड्याला खास काही अर्थ नाही, तो फक्त 'बरोबर'च्या अंदाजाहून मोठा आणि निम्म्याहून कमी आहे.

सुधाताई : तो एक तृतीयांश अजून जिवंत आहे. काहीच माहिती नसेल तेव्हा पोस्टग्रेस 'पेक्षा जास्त'ला आजही ०.३३३ धरतं. पण माहिती नसतानाच, हे लक्षात घे. त्या पेपरचं मोठेपण आकड्यांत नाही. प्रत्येक वाटेचा खर्च मांडायचा आणि स्वस्त वाट घ्यायची, ही रीत त्यांनी घालून दिली. पंचेचाळीस वर्षं उलटली, बहुतेक सगळे त्याच रस्त्यानं चालतात.

निखिल : आणि त्याच खड्ड्यात पडतात. दोन अटी आल्या की त्यांच्या शक्यतांचा गुणाकार, जणू एकीचा दुसरीशी काही संबंधच नाही! आमच्याकडे जिल्हा, शहर आणि पिनकोड असे तीन कॉलम. पुणे जिल्हा वीस टक्के, पुणे शहर पंधरा टक्के, आणि ४११०३८, म्हणजे कोथरूड, एक टक्का. गुणाकार करा. चार कोटींतल्या बारा हजार नोंदी येतील असं पोस्टग्रेस समजतं. खऱ्या येतात चार लाख, कारण कोथरूडचा पिन असेल तर शहर पुणेच असणार आणि जिल्हाही पुणेच. पहिलीतल्या पोराला कळेल.

सुधाताई : पहिलीतल्या पोराला पिनकोडचं मूल्य माहीत असतं, कॉलमचं नव्हे. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी १९७२ मध्ये पिनकोड आखला तेव्हा पहिला अंक विभागाचा आणि पहिले तीन मिळून टपाल वर्गीकरणाच्या जिल्ह्याचे, अशी रचनाच केली. संस्कृतात कविता करणारा माणूस, पण काय स्वच्छ डोकं! ते नातं तुला ठाऊक आहे, पोस्टग्रेसला तो नुसता एक कॉलम आहे. म्हणूनच आवृत्ती १० मध्ये, २०१७ साली, क्रिएट स्टॅटिस्टिक्स ही कमांड आली. हे तीन कॉलम एकमेकांवर अवलंबून आहेत, एकत्र मोज, असं सांगायचं. 'बरोबर' अशा अटी असतील तर अंदाज चार लाखांच्या जवळ येतो.

निखिल : तेही मीच सांगायचं.

सुधाताई : तूच. शंभर कॉलमांच्या जोड्या किती होतील? चार हजार नऊशे पन्नास. सगळ्या आपणहून मोजायला लावलंस तर डेटाबेस दुसरं काही करणारच नाही.

इथवर पारडं ताईंकडे झुकलेलं होतं. मग निखिलनं आपला हुकमी पत्ता काढला. या विषयावरच्या लेखांमध्ये हा पत्ता कमी सापडतो, म्हणून तो जरा सावकाश मांडतो.

निखिल : एक व्यापारी घ्या. एकूण वीस हजार पार्सलं, म्हणजे शंभरात पाच शतांश. तीन वर्षांपूर्वी त्यानं आमच्याकडे येणं बंद केलं. क्वेरी साधी आहे, याची शेवटची वीस पार्सलं दाखव. इंडेक्स दोन आहेत, एक व्यापाऱ्यावर, एक तारखेवर. वाटाही दोन. पहिली, व्यापाऱ्याच्या सगळ्या नोंदी काढायच्या, तारखेनं लावायच्या, वरच्या वीस घ्यायच्या. दुसरी, तारखेच्या इंडेक्सवर आजपासून मागे चालत जायचं आणि त्याच्या वीस सापडल्या की थांबायचं.

सुधाताई : हं. दुसरीत धोका आहे.

निखिल : ऐका तर. व्यापाऱ्यांच्या त्या शंभरांच्या यादीत हा माणूस उंबरठ्यावर होता. तीस हजारांच्या नमुन्यात त्याच्या पंधराएक नोंदी. कधी यादीत, कधी बाहेर. बाहेर असला की बाकीच्या किरकोळ व्यापाऱ्यांसारखा तोही चारशे नोंदींचा धरला जायचा. चारशे काढून लावायला काय लागतं? पहिली वाट. खऱ्या वीस हजार निघायच्या, तरी काम पटकन व्हायचं. मग एका रात्री नमुना घेऊन टिपण नव्यानं काढणारा ॲनालाइझ चालला आणि हा व्यापारी यादीत आला. आता पोस्टग्रेसला बरोबर माहीत झालं की याच्या वीस हजार नोंदी आहेत. त्यानं हिशेब केला, दर दोन हजार नोंदींत याची एक, तेव्हा वीस सापडायला चाळीस हजार मागे जावं लागेल. तारखेनुसार नोंदी ओळीनंच पडलेल्या, म्हणजे जेमतेम हजार पानं. स्वस्त! दुसरी वाट. आणि गेला मागे. तीन वर्षं मागे. दोन कोटींहून जास्त नोंदी चाळल्या तेव्हा पहिली सापडली.

सुधाताई : म्हणजे अंदाज पन्नास पट चुकलेला होता तेव्हा प्लॅन नीट चालत होता...

निखिल : ...आणि अंदाज तंतोतंत बरोबर झाला त्या रात्री प्लॅन झोपला. आता सांगा, खरी माहिती पुरवा म्हणता, पुरवली की! नोंदी किती आहेत ते कळलं, त्या कुठे आहेत ते कळलं नाही. त्या टेबलभर सारख्या पसरल्यात असं त्यानं गृहीत धरलं. आणि तुमचं क्रिएट स्टॅटिस्टिक्ससुद्धा इथे कामाचं नाही. व्यापारी आणि तारीख यांच्या इतक्या जोड्या होतात की यादीत मावणार नाहीत.

सुधाताई : बरोबर आहे. स्टॅट्सनी हे सुटत नाही. पण हिंटनीही सुटू नये. व्यापारी आणि तारीख असा दोन कॉलमांचा एक इंडेक्स कर. त्यात त्या व्यापाऱ्याची सगळी पार्सलं एकत्र आणि तारखेच्या क्रमानं लागलेली. थेट शेवटावर जायचं, वीस उचलायची. व्यापारी चालू असो की बंद, यादीत असो की बाहेर, काम तेवढंच. जिथे अंदाजच लागत नाही तिथे अंदाज चुकणार कसा?

निखिल : नवा इंडेक्स म्हणजे दर पार्सलामागे आणखी एक लिहिणं.

सुधाताई : मग एकट्या व्यापाऱ्यावरचा काढून टाक. नव्याच्या पहिल्या कॉलमनं त्याचं काम होतं.

यावर निखिल थोडा गप्प झाला, पण हार मानून नव्हे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत जयंत हरित्सा यांच्या गटानं पिकासो नावाचं एक साधन केलं, तिकडे त्यानं गाडी वळवली. एकाच क्वेरीत अटींची निवडकता शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत बदलत न्यायची आणि ऑप्टिमायझर प्रत्येक ठिकाणी कोणता प्लॅन निवडतो ते रंगानं दाखवायचं. नावाजलेल्या ऑप्टिमायझरांची चित्रं निघाली ती ठिगळांच्या गोधडीसारखी, बारीक बारीक तुकड्यांची. निखिलच्या मते, इतक्या बारीक फरकावर रंग बदलणाऱ्या यंत्राच्या हाती उत्पादनातली क्वेरी देऊ नये.

सुधाताई : त्याच गटाचं पुढचं काम सांगितलं नाहीस. २००७ मध्ये त्यांनी दाखवलं की खर्च वीस टक्क्यांपर्यंत वाढलेला चालत असेल तर त्या गोधडीतले बहुतेक रंग पुसता येतात, साधारण दहाच प्लॅन उरतात.

निखिल : तेच तर माझं म्हणणं! उत्तमाच्या मागे लागून शेवटचे वीस टक्के वाचवण्यापेक्षा ठरलेला, बरा प्लॅन घ्या.

सुधाताई : दहा उरतात निखिल, एक नाही. तू हिंट देऊन एकच ठेवतोस.

हा टोला मला आवडला. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातल्या व्हिक्टर लाइस आणि सहकाऱ्यांचा २०१५ चा अभ्यास मात्र दोघांनीही आपापल्या बाजूनं ओढला. चित्रपटांच्या आयएमडीबी माहितीवर त्यांनी बऱ्याच टेबलांच्या क्वेऱ्या चालवल्या. खर्चाची सूत्रं बारकाईनं सुधारून थोडाच फरक पडतो, खरी नाडी नोंदींच्या अंदाजात आहे, असं त्यांना दिसलं. सुधाताई म्हणाल्या, म्हणून स्टॅट्सवर मेहनत घ्या. पण इंडेक्स जितके जास्त तितकं ऑप्टिमायझरचं काम अवघड, हेही त्याच अभ्यासात आहे आणि निखिलनं बोट नेमकं त्यावर ठेवलं. वाटा वाढल्या की चुकायच्या जागाही वाढतात.

निखिल : बरं, एक शेवटचं. सॉर्टिंगच्या रांगेचं टेबल. रात्री रिकामं होतं, सकाळी भरायला लागतं, दुपारी त्यात तीन-चार लाख नोंदी. पहाटे ॲनालाइझ होऊन गेला की स्टॅट्स म्हणतात, टेबल जवळजवळ रिकामं. दहाच्या सुमाराला त्यावरची जॉइनची क्वेरी दर नोंदीमागे दुसऱ्या टेबलात शोधणारा नेस्टेड लूप घेऊन बसते. इथे तुमची खरी माहिती खरीच होती, फक्त पहाटेची.

सुधाताई : ओरॅकलमध्ये मी असल्या टेबलाचे भरलेल्या वेळचे स्टॅट्स घ्यायचे आणि त्यांना कुलूप लावायचे.

निखिल : म्हणजे तुम्हीही गोठवता!

सुधाताई : स्टॅट्स गोठवते. प्लॅन नाही.

निखिल : पण रात्री रिकाम्या टेबलावर ते आकडे खोटेच की.

सुधाताई : खोटे आहेत. पण रिकाम्या टेबलावर हॅश जॉइन केला तर काही मिलिसेकंद फुकट जातात. भरलेल्यावर नेस्टेड लूप केला तर अख्खी सकाळ जाते. चुकायचंच असेल तर स्वस्त बाजूला चुकावं. तुझ्याकडे तसं कुलूप नसेल तर त्या टेबलापुरता आपोआप होणारा ॲनालाइझ लांबव आणि दिवसा स्वतः चालव. सगळ्यात जास्त भरलेलं कधी असतं?

निखिल : साडेअकरा ते एक.

सुधाताई : मग बाराला चालव. आणि त्या क्वेरीवर हिंट दिली असशील तर ती अजून काढू नकोस. आधी आठवडाभर एक्स्प्लेन ॲनालाइझ घेऊन बघ, अंदाज आणि खऱ्या नोंदी कुठल्या पायरीवर फुटतात ते.